युगांडात स्वयंसेवक म्हणून ऑफिसच्या कामाला जाताय? मग हे वाचून निघा

परदेशात स्वयंसेवा म्हटलं की शाळेतली मुलं, विहिरी, झाडं असलं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. युगांडातल्या संस्थांना मात्र बाहेरून येणाऱ्या माणसाकडून बरेचदा टेबलावरचं काम हवं असतं: पावत्या लावणं, देणगीदाराचा तिमाही अहवाल, लाभार्थ्यांच्या याद्या, जुन्या फायली. मी राजधानी कंपालातल्या एका स्थानिक संस्थेत हेच काम केलं आणि ते मला मनापासून आवडलं. ज्यांना एक्सेल येतं, हिशेब कळतो किंवा साधं पत्र नीट लिहिता येतं, अशा मराठी मुलामुलींनी आणि निवृत्त बँकवाल्यांनीही हे जरूर करावं. फक्त तयारीने जा. नाहीतर सुरुवातीचे आठवडे गोंधळातच जातात.

एक गोष्ट आधीच सांगते. ते ऑफिस तुमच्या आधी चालत होतं आणि तुम्ही परतल्यावरही चालणार आहे. तुम्ही केलेलं काम तुमच्यामागे तिथल्या माणसांना पुढे नेता आलं पाहिजे. हे धरून चाललात तर बाकीचे निर्णय सोपे होतात.

१. होकार कळवण्याआधी संस्था तपासा

युगांडात स्वयंसेवी संस्थेला २०१६ च्या एनजीओ कायद्यानुसार नोंदणीचं प्रमाणपत्र आणि कामाचं परमिट असे दोन वेगळे कागद लागतात. दोन्हींच्या प्रती ईमेलवर मागा आणि परमिटाची मुदत बघा. चांगली संस्था या मागणीने नाराज होत नाही. उलट तुम्हाला कामाची जाण आहे, असंच तिथल्या लोकांना वाटतं.

त्यानंतर तीन प्रश्न लेखी विचारा. मी कुणाच्या हाताखाली काम करणार? बसायला जागा आणि संगणक मिळेल, की माझा लॅपटॉप आणायचा? आणि हे काम आत्ता कोण करतंय? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याचं उत्तर "ज्या मुलीचा पगार परवडत नव्हता तिला काढलं, आता तुम्ही करा" असं असेल, तर तिथे जाऊ नका. फुकट काम करून कुणाची नोकरी घालवायला आपण एवढ्या लांब जात नाही.

मधल्या एजन्सींपासून सावध राहा. "प्लेसमेंट फी" म्हणून भरपूर डॉलर घेणाऱ्या बऱ्याच आहेत. पैसे मागणं म्हणजे फसवणूकच, असं नाही. राहणं, जेवण, विमानतळावरून नेणं याला खर्च येतोच. पण त्यातला किती पैसा यजमान संस्थेला पोहोचतो ते विचारा, आणि आधी जाऊन आलेल्या एखाद्या स्वयंसेवकाशी फोनवर बोला. फोन जोडून द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

२. कागदपत्रं

हे जमवायला वेळ लागतो, म्हणून निदान दोन महिने आधी सुरुवात करा:

- किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट
- यलो फीव्हरच्या लसीचं पिवळं कार्ड
- यजमान संस्थेचं निमंत्रणपत्र (लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह)
- संस्थेच्या नोंदणीची आणि परमिटाची प्रत
- पदवी आणि अनुभवाच्या प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती
- पासपोर्ट सेवा केंद्रातून घेतलेलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट
- परदेशातल्या उपचारांचा विमा, रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याच्या खर्चासह
- नेहमीची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी
- पासपोर्ट आकाराचे भरपूर फोटो

यलो फीव्हरची लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते. मुंबईचं आणि गोव्यात मुरगावचं पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन ही त्यांपैकी दोन. आधी वेळ घ्या, मूळ पासपोर्ट सोबत न्या आणि अंड्याची ॲलर्जी असेल तर टोचण्याआधी सांगा. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड ग्राह्य धरतात, म्हणून ती अगदी निघायच्या तोंडावर घेऊ नका. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. हे कार्ड एन्टेबेच्या विमानतळावर तर लागतंच, पण परत येताना भारतातही तपासतात. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. म्हणून ते पासपोर्टमध्येच ठेवा.

सगळ्यांत मोठा सापळा व्हिसाचा आहे. ऑनलाइन पर्यटक व्हिसा चटकन मिळतो आणि "त्याच्यावरच या, पुढचं बघू" असं काही संस्था बिनधास्त सांगतात. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही, मग ते बिनपगारी का असेना. तुमच्या मुदतीप्रमाणे थोड्या काळासाठीचा स्पेशल पास लागेल की जास्त काळाचं एन्ट्री परमिट, हे संस्थेने इमिग्रेशन खात्याला विचारून तुम्हाला लेखी कळवायला हवं. अर्जही संस्थेकडूनच जातो. फी कोण भरणार, हेही तेव्हाच ठरवून टाका.

सामानाबद्दल दोनच सूचना. लष्करी नक्षीचे कपडे, टोपी किंवा पिशवी अजिबात नेऊ नका. तिथे सामान्य नागरिकांना ते वापरायला बंदी आहे. आणि भिंतीतले प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे असतात. दोन ॲडॅप्टर घ्या, एक ऑफिसला आणि एक घरी.

३. पोहोचल्यावर

मुंबईहून एन्टेबेला युगांडा एअरलाइन्सने २०२३ मध्ये थेट विमान सुरू केलं. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गेही जाता येतं. एन्टेबे ते कंपाला साधारण चाळीस किलोमीटर आहे. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे.

डॉलर नेताना नव्या आणि मोठ्या नोटा न्या. पन्नास-शंभरच्या नोटांना चांगला भाव मिळतो, जुन्या छपाईच्या नोटा बरेचदा घेतच नाहीत. पासपोर्ट दाखवून सिम घ्या आणि त्याच दिवशी त्यावर मोबाइल मनी चालू करून घ्या. भाजीवालीपासून घरमालकापर्यंत सगळे एमटीएन किंवा एअरटेल या मोबाइल कंपन्यांच्या खात्यावरून पैसे घेतात. पण आपल्या यूपीआयसारखं ते फुकट नाही. पाठवायला शुल्क पडतं, रोख काढायला शुल्क पडतं आणि काढलेल्या रकमेवर अर्धा टक्का करही आहे. ऑफिसच्या खर्चात हे शुल्क धरायला बरेच जण विसरतात, मग महिनाअखेरीला हिशेब जुळत नाही.

घर संस्थेने दिलं तर उत्तमच. स्वतः बघायचं असेल तर कंपालातल्या न्टिंडा, बुकोटो, किसासी भागात ऑफिसला जाणाऱ्यांची वस्ती आहे. काही महिन्यांचं भाडं आगाऊ मागतात. विजेचा मीटर प्रीपेड असतो, त्याला "याका" म्हणतात. आधीच्या भाडेकरूची थकबाकी त्या मीटरवर नाही ना, हे बघूनच पैसे द्या. पाण्याची टाकी आहे का, तेही बघा.

राहायला गेलात की वस्तीच्या एलसी वन चेअरमनला भेटा. ही स्थानिक परिषदेची सर्वांत खालची पायरी, साधारण आपल्या गावच्या सरपंचासारखी. पुढे राहण्याचा दाखला लागला तर त्यांच्याच शिक्क्याचं पत्र लागतं. ओळख आधीच असली तर ते पत्र अर्ध्या तासात मिळतं. कंपालातल्या भारतीय उच्चायुक्तालयातही नाव नोंदवून ठेवा.

४. आधी विचारपूस, मग काम

सकाळी ऑफिसात शिरल्या शिरल्या "ती फाइल कुठे आहे?" असं विचारू नका. आधी कसे आहात, घरचे कसे आहेत, रात्र कशी गेली हे बोलायचं. समोरच्याचं उत्तर पूर्ण ऐकायचं. मग फाइल. आपल्या गावाकडच्या माणसाला हे नव्याने शिकवावं लागत नाही, पण मुंबई-पुण्याच्या ऑफिसांतून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. लुगांडा या कंपालाकडच्या भाषेतलं "ओली ओत्या" (कसा आहेस?), मोठ्या माणसाला "मुली मुत्या" (कसे आहात?), पुरुषाला "सेबो", बाईला "न्याबो", आणि काम करत असलेल्या कुणालाही "जेबालेको" (छान काम करताय) एवढं आलं तरी रखवालदारापासून संचालकांपर्यंत सगळ्यांचे चेहरे खुलतात. उत्तरेला गुलू किंवा नैर्ऋत्येला म्बारारात गेलात तर भाषा वेगळ्या. तिथलं अभिवादन तिथे शिका.

लुगांडात तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे दहा म्हणजे चौथा तास. ऑफिसात इंग्रजी वेळ चालते, पण गावच्या बैठकीची वेळ ठरवताना दोन्ही पद्धतींनी खात्री करून घ्या.

तुम्हाला "मुइंदी" म्हणजे भारतीय म्हणून ओळखतील. त्यासोबत एक समज येतो की तुम्ही दुकानदार, मालक किंवा गुंतवणूकदार आहात. त्यामागे मोठा इतिहास आहे. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवस दिले. पुढे राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींच्या काळात काही जण परतले, बऱ्याच मालमत्ताही मूळ मालकांना परत मिळाल्या. आज साखर कारखान्यांपासून घाऊक बाजारापर्यंत भारतीय मालक दिसतात. म्हणून तुम्ही चहाचा कप स्वतः धुता, सगळ्यांसोबत एकाच टेबलावर जेवता, याची लोक नोंद घेतात. एक गोष्ट मला फार भावली: ब्रिटिशांच्या काळात तिथल्या सरकारी कचेऱ्यांत कारकून म्हणून गोव्याची माणसं मोठ्या संख्येने होती. आणि बायका समारंभाला जी गोमेसी नेसतात, तिला गोव्याच्या गोम्स नावाच्या शिंप्याचं नाव आहे. ऑफिसच्या कामाला गेलेले आपण काही पहिले नव्हे.

मुली आणि तरुण बायका मोठ्या माणसांसमोर गुडघे टेकून अभिवादन करतात. पहिल्यांदा पाहताना अवघडल्यासारखं होतं. त्यावर भाष्य करू नका, त्यांना उठवायला जाऊ नका. शांतपणे अभिवादनाला उत्तर द्या.

५. कागद, शिक्का आणि पैशांचा हिशेब

ऑफिसचं खरं काम इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कुठल्याही जिल्ह्यात काम करायचं तर आधी तिथल्या अधिकाऱ्यांना भेटावं लागतं. रेसिडेंट डिस्ट्रिक्ट कमिशनर, चीफ ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर, कम्युनिटी डेव्हलपमेंट ऑफिसर, या क्रमाने जायचं असतं आणि क्रम चुकला तर माणसं दुखावतात. प्रत्येक ठिकाणी व्हिजिटर्स बुक असतं, त्यात नाव-सही करायची. पत्राच्या दोन प्रती न्या. एक त्यांना द्या, दुसरीवर "मिळाले" असा शिक्का मारून घेऊन परत आणा. ही शिक्क्याची प्रत ऑफिसच्या फायलीत गेली नाही, तर तुम्ही तिथे गेलाच नव्हता असं समजा.

पैसे मागताना रिक्विझिशन फॉर्म भरतात आणि खर्च झाल्यावर "अकाउंटेबिलिटी" द्यायची असते. म्हणजे सगळ्या पावत्या, सह्यांची यादी, अहवाल आणि उरलेली रोकड. आधीची अकाउंटेबिलिटी आल्याशिवाय पुढचे पैसे सुटत नाहीत, आणि निम्मी ऑफिसं याच ठिकाणी अडतात. इथे नीटनेटक्या माणसाचा फार उपयोग होतो.

एक उदाहरण बघा. सब-काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याखालच्या प्रशासकीय विभागाच्या, हॉलमध्ये बचतगटाच्या बायकांचं प्रशिक्षण आहे. सुरुवात प्रार्थनेने, मग प्रत्येकाची ओळख, मग पाहुण्यांची भाषणं. शेवटी प्रवासखर्च वाटायचा. तुमच्या हातात तक्ता: नाव, गाव, फोन नंबर, रक्कम, सही. संध्याकाळ झालेली, बायकांना घरी जायची घाई, कुणाच्या पाठीवर बाळ झोपलेलं, आणि सगळ्या टेबलाभोवती एकदम जमलेल्या. अशा वेळी रक्कम आधी छापलेली असावी. रकाना कोरा ठेवून सह्या कधीच घेऊ नका. मागून आकडा कुणी भरला, हा प्रश्न ऑडिटरला पडतो आणि उत्तर कुणाकडेच नसतं. सही करता न येणाऱ्यांसाठी शाईचा पॅड आणि अंगठा पुसायला कापड ठेवा. सुट्ट्या नोटा आदल्या दिवशीच आणा, कारण गावात पन्नास हजार शिलिंगांची नोट कुणी मोडून देत नाही. पैसे वाटणारा आणि सह्या घेणारा ही दोन वेगळी माणसं असावीत.

बोडाबोडावाला, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, पावती देत नाही. त्यासाठी पेमेंट व्हाउचरवर त्याचं नाव, फोन आणि सही घ्या. मोबाइल मनीने दिलेत तर मेसेजचा स्क्रीनशॉट छापून जोडा. व्हॅटसाठी नोंदणी झालेल्या दुकानातून मात्र इफ्रिस या कर खात्याच्या प्रणालीची ई-पावतीच मागा. हाताने लिहिलेली चिठ्ठी बरेच देणगीदार स्वीकारत नाहीत.

तीन गोष्टी कधी करू नका: संस्थेच्या चेकवर सही, संस्थेची रोकड एकट्याने बाळगणं, आणि "ही पावती जरा मागच्या तारखेची करून दे" याला हो म्हणणं. नकार देताना चारचौघांत आवाज चढवू नका. बाजूला घेऊन हळू सांगा आणि आपल्या वरिष्ठांना कळवा.

लाभार्थ्यांची माहिती आणि फोटो जपून वापरा. २०१९ पासून तिथे माहितीच्या गोपनीयतेचा कायदा आहे. याद्या स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवू नका. वीज अधूनमधून जाते आणि जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत देशभर इंटरनेट काही दिवस बंद होतं. त्यामुळे सगळं काम क्लाउडवर सोडू नका, ऑफिसच्या हार्ड डिस्कवर प्रत ठेवा.

६. काय करायचं ते ठरवा, पण पहिल्या आठवड्यात नको

सुरुवातीला काहीही बदलू नका. मागचा वार्षिक अहवाल, ऑडिटरचं पत्र आणि चालू देणगीदाराचा करार वाचा. आर्थिक वर्ष सरकारचं जुलै ते जून असतं, देणगीदाराचं वेगळं असू शकतं. दोन्हींच्या तारखा भिंतीवर लावा. हिशेबनिसाशेजारी बसून एक पावती कुठून कुठे जाते ते बघा.

मग एकच काम निवडा. सगळ्यांत जास्त वाया गेलेली मेहनत मी पाहिली ती स्वयंसेवकांनी बनवलेल्या डेटाबेसची. सुंदर प्रणाली, पण परवान्याचे पैसे संस्थेकडे नाहीत, पासवर्ड बनवणाऱ्याकडे आणि तो माणूस परतलाय युरोपात. त्यापेक्षा ऑफिसात आधीपासून चालणारीच एक्सेलची शीट घ्या. तिच्यातल्या चुका दूर करा, दोन सहकाऱ्यांना शेजारी बसवून त्यांच्या हातून भरून घ्या, आणि वापरण्याच्या सूचना एका पानावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवा. पहिला महिना तुम्ही भरा, दुसरा दोघांनी मिळून भरा, तिसऱ्या महिन्यापासून त्यांनी भरावी.

शाळेच्या सत्राच्या सुरुवातीला, म्हणजे फेब्रुवारीत, मेअखेरीस आणि सप्टेंबरमध्ये, सहकारी मुलांच्या फीसाठी उसने पैसे मागू शकतात. अडचण खरी असते. द्यायचे की नाही, हे आधी स्वतःशी ठरवा आणि सगळ्यांना तोच नियम लावा. कुणाकडे मयत झाली की "माबुगो" म्हणून पाकीट फिरतं, त्यात मात्र आपला वाटा जरूर घाला. लग्नाच्या वर्गणीचंही तेच.

७. खाणं, प्रवास, तब्येत

दहाच्या सुमाराला चहा असतो, दूध-आल्याचा हवा तर "आफ्रिकन टी" मागा. दुपारी बहुतेक ऑफिसांत एकत्र जेवण: मटोके (शिजवलेली कच्ची केळी), पोशो (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा), भात, घेवड्याची उसळ आणि "डोडो", म्हणजे आपला माठच. शाकाहारी असाल तर शेंगदाण्याच्या रश्श्याबद्दल विचारून घ्या, त्यात कधीकधी सुकी मासळी असते. पीठ, डाळी, मसाले कंपालातल्या भारतीय दुकानांत मिळतात.

बोडाबोडा जिकडेतिकडे दिसतात, त्यांतल्या बऱ्याच पुण्याच्या बजाजच्या बॉक्सर. ॲपवरून मागवा, हेल्मेट असल्याशिवाय बसू नका आणि अंधार पडल्यावर गाडीनेच जा.

मलेरिया तिथे वर्षभर असतो. प्रतिबंधक गोळ्यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोला, मच्छरदाणीत झोपा आणि ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाच्या पाण्यात उतरू नका, बिलहार्झिया या रोगाचे परजीवी जंतू त्या पाण्यातून त्वचेवाटे शरीरात शिरतात.

८. निघताना

शेवटचे दोन आठवडे नवीन काम घेऊ नका. सगळे पासवर्ड, फायलींची यादी आणि अर्धवट कामांची नोंद एका कागदावर लिहून वरिष्ठांची सही घ्या. तुमच्या नावावरची अकाउंटेबिलिटी पूर्ण करा. संस्थेकडून अनुभवाचं पत्र शिक्क्यासह घ्या. एलसी वन चेअरमनना भेटून निरोप घ्या. घरमालकाकडून अनामत परत घ्या आणि मोबाइल मनीतली शिल्लक रिकामी करा.

परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत कधीही ताप आला, तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. "मी युगांडात होतो" किंवा "होते" हे पहिलं वाक्य असू द्या आणि मलेरियाची तपासणी मागून घ्या.